पुढची कॅडिलॅक सीटी५ कशी असावी? काय ठेवावं, काय बदलावं

रोहन_नोव्हाय

कॅडिलॅकने सांगितलंय की सीटी४ बंद होणार, सध्याची सीटी५ पण थांबणार, पण नवीन पिढीची सीटी५ येणार आणि ती पेट्रोलवरच चालणार. ज्या कंपनीने २०३० पर्यंत सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक करू म्हणून जाहीर केलं होतं तिच्याकडून हे ऐकून मला तर पेढे वाटावेसे वाटले.

जरा आजूबाजूला बघा. लिंकन काँटिनेंटल २०२० मध्ये गेली, आता लिंकनकडे अमेरिकेत विकायला एकही सेडान नाही. क्रायस्लर ३०० ला २०२३ मध्ये ६.४ लिटर हेमी (आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन) घालून निरोप दिला. म्हणजे पेट्रोलवरची अमेरिकन लक्झरी सेडान म्हणून जे काही उरलंय ते मिशिगनमधल्या लान्सिंगच्या कारखान्यात बनतंय, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे माझा जीव अडकलाय यात.

माझी अपेक्षा एकच आहे आणि त्यावरच धागा काढतोय. वजन वाढू देऊ नका. सीटी५-व्ही ब्लॅकविंग, म्हणजे सीटी५ मधलं सगळ्यात ताकदवान मॉडेल, मॅन्युअल गिअरची साधारण १,८७० किलोची आहे. बीएमडब्ल्यूची नवीन एम५ हायब्रिड झाली आणि २,४०० किलोच्या वर गेली. ७१७ हॉर्सपॉवर आहे, मान्य, पण अडीच टनांच्या जवळची गाडी वळणावर कितीही हुशारीने वळवली तरी ती जड आहे हे ढुंगणाला कळतंच. ब्लॅकविंगचं सगळं कौतुक ज्या गोष्टीचं होतं, म्हणजे स्टिअरिंग, बॅलन्स, ब्रेक मारल्यावर नाक न खुपसणं, ते अल्फा प्लॅटफॉर्ममुळे, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यामुळे आहे. तो प्लॅटफॉर्म कॅडिलॅकच्याच २०१३ च्या एटीएसपासूनचा, त्या वेळी इंजिनियरांनी अक्षरशः ग्रॅम ग्रॅम मोजून बनवलेला. आता नवीन काहीतरी येणार तर त्यात तेवढी काळजी घेतील का ही माझी भीती.

तुमच्या अपेक्षा सांगा. इलेक्ट्रिकवाल्यांनीही सांगा, पण भांडू नका.

व्हीएटप्रेमी

मॅन्युअल गिअरबॉक्स हवा आणि व्ही८ हवं. बाकी काय द्यायचं ते द्या.

अनघा_ट्रॉय

मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. आम्ही सीटी५ खरंच घ्यायला गेलो होतो. नवऱ्याला सप्लायर डिस्काउंट मिळतो त्यामुळे भाव पण बरा बसत होता. गाडी चालवली, आवडली, मग मी डिकी उघडली. ११.९ घनफूट. बाहेरून गाडी जवळजवळ १९४ इंच लांब आणि आत एवढीशी डिकी, त्यात वरचं झाकण इतकं छोटं की मोठी बॅग आडवी जातच नाही. आमच्याकडे दर उन्हाळ्यात सासू-सासरे येतात, प्रत्येकी २३ किलोच्या दोन दोन बॅगा, वर हातातलं लोणच्याचं ओझं वेगळंच. विमानतळावरून त्यांना आणायचं कसं? दोन गाड्या न्यायच्या?

वजन वगैरे ठीक आहे हो, पण लक्झरी सेडान म्हणजे मागे बसणाऱ्याला आराम आणि मागे सामानाला जागा. ती जागा त्या उतरत्या छपराने खाल्लीय. पुढच्या गाडीत छप्पर थोडं सरळ ठेवा आणि खरीखुरी डिकी द्या ही माझी अपेक्षा.

फिरकी

आमच्या ढोल पथकातल्या एकाकडे आहे सीटी५. गणपतीच्या मिरवणुकीला ढोल पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसतो आणि बायको मागे. घरात शांतता आहे, का ते विचारू नका.

रोहन_नोव्हाय

@अनघा, डिकीबद्दल शंभर टक्के सहमत. आणि त्या मागच्या खांबावरचा काळा प्लास्टिकचा तुकडा पण काढा. खिडकी असल्याचा आव आणतो, खिडकी नाही. गाडी आली तेव्हापासून लोक त्यावर बोलतायत.

न्यूजर्सीकाका

रोहन, धागा छान काढलास. मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठा असेन, त्यामुळे थोडं मागून सांगतो.

ऐंशीच्या दशकात कॅडिलॅकने सिमॅरॉन काढली होती. शेवरोले कॅव्हेलियरला लेदर सीटा आणि कॅडिलॅकचा बिल्ला लावून विकली, लोकांनी ओळखलं आणि कंपनीचं नाव जे खाली गेलं ते वर यायला वीस वर्षं लागली. मग १९९७ ला कॅटेरा आणली, ती म्हणजे जर्मनीत बनलेली ओपेल ओमेगा. गाडी वाईट नव्हती, पण तिच्यात कॅडिलॅकचं असं काहीच नव्हतं. आणि मग २००३ मॉडेलची सीटीएस आली, कात्रीने कापल्यासारख्या धारांची. ती मी पहिल्यांदा महामार्गावर पाहिली तेव्हा गाडी बाजूला घेऊन ती नजरेआड होईपर्यंत बघत होतो. मागच्या चाकांना ड्राइव्ह, मॅन्युअल गिअर मिळतोय, जर्मनीतल्या नुरबुर्गरिंग ट्रॅकवर तपासलेली. कॅडिलॅकने हे करावं हेच मोठं आश्चर्य होतं तेव्हा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २००४ ची सीटीएस-व्ही (व्ही म्हणजे जास्त ताकदीचं मॉडेल) कॉर्व्हेटचं इंजिन घालून ४०० हॉर्सपॉवरची, मग २००९ मॉडेलची सुपरचार्जरवाली ५५६ ची, तिने २००८ च्या मे महिन्यात नुरबुर्गरिंगचा फेरा आठ मिनिटांच्या आत मारला. त्या पिढीत मॅन्युअल स्टेशन वॅगन पण होती. ५५६ हॉर्सपॉवरची, मॅन्युअल गिअरची, मागच्या ड्राइव्हची वॅगन! आज तिचा भाव बघा, डोळे फिरतील.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. २०१६ च्या सीटीएस-व्हीला ६४० हॉर्सपॉवर दिली आणि मॅन्युअल काढून टाकला, तुम्ही घेत नाही म्हणून. मग २०१९ ला सीटी५-व्ही दाखवली ती साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आधीच्या व्हीच्या जवळजवळ निम्मी. तेव्हा लोकांनी जो आरडाओरडा केला तो आठवतो का? आणि २०२२ मॉडेलची ब्लॅकविंग आली ती ६६८ हॉर्सपॉवरची, आणि मॅन्युअल हा स्टँडर्ड, ऑटोमॅटिकला जास्तीचे पैसे. तेव्हा बोलत राहा. यांच्याकडे ऐकणारी माणसं आहेत.

तिखटमीठ

काका, मस्त लिहिलंत. ती वॅगन मी एकदा प्रिन्स्टनला पाहिलीय, मागे मुलाची सायकल बांधलेली होती.

माझी अपेक्षा आत बसल्यावरची आहे. २०२५ पासून सीटी५ मध्ये ३३ इंची स्क्रीन आलाय, दिसतो छान, चित्र एकदम स्वच्छ. पण एसीची बटणं बटणंच राहू द्या. मिशिगन मिनेसोटावाल्यांना सांगायला नको, जानेवारीत हातमोजे घालून स्क्रीनवर टकटक करत बसायचं म्हणजे डोकं फिरतं. आवाजाला गोल फिरवायचं बटण हवं, सीट गरम करायला हाताला लागणारं बटण हवं. आणि कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर वापरायची सोय) काढू नका! जीएमने, म्हणजे कॅडिलॅकच्या मूळ कंपनीने, नव्या इलेक्ट्रिक गाड्यांतून काढलाय आणि सीटी५ मध्ये अजून आहे. नवीन गाडीत काढला तर मी तरी शोरूमला जाणार नाही. माझी गाणी, माझे नकाशे, माझे फोन सगळं त्यात आहे, मला दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर दर महिन्याला पैसे देऊन नकोय.

व्हीएटप्रेमी

+१ बटणांना. +१० कारप्लेला.

बेएरियाकर

मला एक कळत नाही. धाग्यात "एकमेव अमेरिकन लक्झरी सेडान" चाललंय आणि ॲरिझोनात कासा ग्रांडेला बनणारी ल्युसिड एअर कुणाला दिसत नाही? त्यातलं साधं प्युअर मॉडेल एका चार्जमध्ये ४२० मैल जातं, एका युनिट विजेत पाच मैल. पुढे पण डिकी मागे पण डिकी, अनघाताईंच्या चारही बॅगा आरामात बसतील. मागे पाय लांब करून बसता येतं. आवाज नाही, थरथर नाही. लक्झरी म्हणजे आणखी काय असतं?

आणि रोहन, वजनाचं म्हणशील तर ती दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे तुझ्या त्या हायब्रिड एम५ पेक्षा पूर्ण इलेक्ट्रिक गाडी हलकी. तेव्हा वजन पेट्रोलमुळे कमी राहतं हे काही खरं नाही. डोकं लावून बनवली तर कुठलीही गाडी हलकी होते.

रोहन_नोव्हाय

@बेएरियाकर मी "पेट्रोलवरची" म्हटलंय, पहिली पोस्ट परत वाच :) पण तुझा शेवटचा मुद्दा एकदम बरोबर, आणि मला नेमकं तेच म्हणायचंय. डोकं लावून बनवा. ल्युसिडवाल्यांनी मोटर लहान केली, बॅटरी लहान ठेवून हवेचा अडथळा कमी केला, सगळं सुटसुटीत. तसं पेट्रोल गाडीत पण करा. मोठी बॅटरी + मोठं इंजिन + मोठी चाकं असं एकावर एक चढवत जाऊ नका.

सस्पेन्शनराव

मी इथेच डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्समध्ये एका सप्लायरकडे काम करतो, कुठे ते सांगत नाही आणि पुढच्या गाडीबद्दल मला आतलं काही माहीत नाही हे आधीच सांगतो. पण वजन कुठून येतं यावर लिहू शकतो.

लोकांना वाटतं इंजिन जड म्हणून गाडी जड. तसं नसतं. व्ही८ अल्युमिनियमचं आहे आणि त्याचे व्हॉल्व्ह दांड्यांनी चालतात, वर चार चार कॅमशाफ्ट नाहीत, त्यामुळे ते आकाराने छोटं आणि बुटकं असतं. वजन येतं ते हळूहळू. काच जाड केली, दोन थरांची केली आवाज कमी व्हायला, तिथे काही किलो. सीटमध्ये मसाज आला, तिथे. बावीस इंची चाकं लावली तर चाक जड, मग ते सांभाळायला आर्म जड, मग ब्रेक मोठा, मग नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोठं. एकाचं वजन वाढलं की दुसऱ्याचं वाढवावंच लागतं. आणि हेच उलट्या दिशेने पण चालतं, सुरुवातीला शंभर किलो वाचवले तर शेवटी दीडशे वाचतात. अल्फाच्या टीमने तेच केलं होतं.

आता सीटी६ आठवा, २०१६ ची. २०४ इंच लांब गाडी, आणि चार सिलिंडरवाली ३,७०० पौंडांच्या आत! म्हणजे १,६८० किलोच्या आत. एवढी मोठी गाडी तिच्यापेक्षा लहान असलेल्या जर्मन गाड्यांपेक्षा हलकी होती. कसं केलं तर बॉडीत अल्युमिनियम आणि स्टील दोन्ही वापरलं, तेरा मोठे अल्युमिनियमचे ओतीव भाग घातले, ज्यांच्या जागी आधी डझनावारी छोटे पत्र्याचे तुकडे जोडायला लागायचे, आणि अल्युमिनियमला स्टील स्पॉट वेल्डिंगने जोडायची पद्धत जीएमने स्वतः विकसित केली. आम्ही लोक ते पाहायला मान उंच करून जायचो. पण महाग होतं ते सगळं, गाडी अमेरिकेत पुरेशी खपली नाही आणि २०२० मध्ये इथली बंद केली.

त्यामुळे हलकी गाडी बनवता येते का, तर येते, याच कंपनीने बनवून दाखवलीय. प्रश्न त्याचे पैसे कोण देणार हा आहे.

मृण्मयी_ॲनआर्बर

सस्पेन्शनराव, फार सुंदर समजावलंत. एक विचारते, तो मॅग्नेटिक राइड प्रकार काय आहे? सगळे त्याचं नाव घेतात. मैत्रिणीच्या ब्लॅकविंगमध्ये आहे, तेव्हा जाणवला, त्याबद्दल खाली लिहिते.

सस्पेन्शनराव

शॉकॲब्झॉर्बरमध्ये साधं तेल असतं तिथे यांच्यात लोखंडाच्या अगदी बारीक कणांचं तेल असतं. पिस्टनमध्ये एक कॉइल असते. तिच्यातून करंट सोडला की चुंबक तयार होतो, कण एका रांगेत उभे राहतात आणि तेल घट्ट होतं, पातळ पिठल्यात पीठ भुरभुरल्यावर ते कसं एकदम आळतं तसं. करंट काढला की लगेच पुन्हा पातळ. हे सेकंदाला हजार वेळा होतं. म्हणजे चाक खड्ड्यात जाताना एक कडकपणा आणि बाहेर येताना दुसरा. हलणारे व्हॉल्व्ह वगैरे काही नाही आत. आणि हे पहिल्यांदा जगात कुठल्या गाडीत आलं माहितीय? कॅडिलॅक सेव्हिल एसटीएस, २००२. नंतर फेरारीने घेतलं, ऑडीने घेतलं. मिशिगनचे खड्डे बघून शोधलंय असं आम्ही म्हणतो.

कोथरूडचा_स्टिअरिंग

मिशिगनच्या खड्ड्यांचं कौतुक सांगताय होय, एकदा पावसाळ्यात पौड रोडला या.

मला या गाडीची अपेक्षा ठेवून उपयोग नाही कारण कॅडिलॅक भारतात अधिकृतपणे कधी विकलीच नाही आणि आता जीएम पण गेली. तळेगावचा कारखाना २००८ ला सुरू झाला तेव्हा आमच्या बॅचची किती मुलं लागली होती तिथे. बीटच्या बॉडी शॉपमध्ये माझा मित्र शिफ्ट सुपरवायझर होता. २०२० संपता संपता उत्पादन थांबलं आणि मग तो कारखाना ह्युंदाईने घेतला. त्या मित्राला अजूनही रस्त्यात बीट दिसली की तो बॉनेटच्या फटी बघतो, समसमान आहेत का म्हणून.

तरी वाचतोय, कारण चांगली गाडी ही चांगली गाडी असते.

न्यूजर्सीकाका

अवांतर: कोथरूडकर, जीएमचं आणि आपलं नातं तळेगावच्या फार आधीचं आहे. १९२८ ला जीएमने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, भारतातला पहिला. १९५४ पर्यंत चालला. पुढे कुर्ल्याला प्रीमियर कंपनीने डॉज, प्लीमथ जोडल्या, पण त्या क्रायस्लरच्या. आमच्या गिरगावात लहानपणी मोठी अमेरिकन गाडी आली की पोरं मागे धावायची.

कोथरूडचा_स्टिअरिंग

आणि काँटेसा! तिचं मूळ म्हणजे जीएमच्याच इंग्लंडमधल्या वॉक्सहॉलची व्हिक्टर. म्हणजे आपल्याकडच्या शेठ लोकांनी पण जीएमची सेडानच चालवली म्हणायची.

तिखटमीठ

काँटेसाची मागची सीट! त्या सीटला तोड नाही. अनघाताई, तुम्हाला काँटेसा हवीय.

अनघा_ट्रॉय

हवीच आहे. डिकी पण केवढी होती तिची.

मृण्मयी_ॲनआर्बर

मैत्रिणीच्या गाडीचं लिहिते म्हटलं होतं. तिची सीटी५-व्ही ब्लॅकविंग, मॅन्युअल. एका रविवारी सकाळी तिने मला ह्युरॉन रिव्हर ड्राइव्हवर चालवायला दिली, ॲन आर्बरहून डेक्स्टरकडे जाणारा नदीकाठचा रस्ता, मिशिगनमध्ये वळणं असलेले जे मोजके रस्ते आहेत त्यातला एक. गाडी सुरू केल्यावर पहिल्यांदा हात गेला गिअरच्या मुठीवर. मुठीवर एक छोटं धातूचं पदक बसवलंय, त्यावर गिअरचा नकाशा. ते थ्रीडी प्रिंट केलेलं आहे, जीएमने विकायच्या गाडीत थ्रीडी प्रिंटचे भाग पहिल्यांदा याच गाड्यांत वापरले. मग तिने बॉनेट उघडून दाखवलं, इंजिनवर एक पाटी आहे आणि त्यावर ते जोडणाऱ्या माणसाची सही. केंटकीत बोलिंग ग्रीनला एकेक माणूस एकेक इंजिन हाताने पूर्ण जोडतो.

क्लच मला वाटला होता तसा जड अजिबात नाही. दुसऱ्या गिअरमध्ये त्या वळणांवर नुसतं तरंगल्यासारखं, रस्ता फुटलेला आहे तिथे धक्का कळतो पण लागत नाही. स्टिअरिंग थोडंसं वळवलं की नाक तेवढंच वळतं, जास्त नाही कमी नाही. मी तिच्या निम्मा वेग पण घेतला नाही आणि तरी उतरल्यावर हसूच थांबेना. म्हणजे ही गाडी हळू चालवताना पण मजा देते, आणि वेगवान गाड्यांमध्ये मला तरी हे फार कमी वेळा मिळालंय. पुढच्या गाडीला सातशे काय हजार हॉर्सपॉवर द्या, पण पस्तीस मैलांच्या वेगाला जर मजा येत नसेल तर मला काय उपयोग. रोहनचा वजनाचा मुद्दा इथे मला पूर्ण पटतो.

व्हीएटप्रेमी

मृण्मयी, तुझ्या मैत्रिणीला आणखी मैत्रिणी हव्या असतील तर सांग, मी साडी नेसून येतो.

घाटमाथा

मी जरा विरोधी बोलणार आहे. इथे सगळे ब्लॅकविंगबद्दल बोलतायत. रस्त्यावर ज्या सीटी५ दिसतात त्यातल्या बहुतेक दोन लिटर टर्बोवाल्या असतात, २३७ हॉर्सपॉवर. खरी गाडी ती आहे, कंपनी तिच्यावर चालते. आणि ते इंजिन चालतं ठीक, पण आवाज? थंडीत सकाळी सुरू केल्यावर लक्झरी गाडीचा आवाज वाटत नाही. लेक्सस, बीएमडब्ल्यूच्या शेजारी उभी करा, कळेल. आतलं प्लास्टिक पण तसंच, दाराच्या खालच्या बाजूला हात लावला की भाड्याच्या गाडीची आठवण येते. सीटी५ २०२० ला आली तेव्हा ३७ हजार डॉलरच्या आसपास सुरू व्हायची, आकाराने ५ सिरीज आणि भावाने ३ सिरीज, हे गणित चांगलं होतं, पण आत बसलं की भाव कुठे वाचवला ते दिसायचं.

त्यामुळे माझी अपेक्षा: तीन लिटरचं ट्विन टर्बो व्ही६ खालच्या मॉडेलपासून द्या. ३३५ हॉर्सपॉवर, गुळगुळीत, दहा गिअरचा ऑटोमॅटिक आहेच. वर हलका हायब्रिड लावला तर शहरात ॲव्हरेज पण सुधारेल. ब्लॅकविंगची बातमी होते, पण माझ्यासारखा माणूस शोरूममध्ये जाऊन पैसे देतो ते खालच्या मॉडेलचे.

रोहन_नोव्हाय

@घाटमाथा चांगला मुद्दा आहे. फक्त हायब्रिडचं जपून. मर्सिडीजने सी६३ मध्ये व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडर आणि वर हायब्रिड घातलं, कागदावर ६७१ हॉर्सपॉवर, आणि त्या गाडीच्या लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. आकडा मोठा झाला पण ज्यासाठी लोक सी६३ घ्यायचे तेच गेलं.

आणि व्ही८ ची आशा मला आहे. २०२५ मध्ये जीएमने न्यूयॉर्क राज्यात टोनावांडाच्या कारखान्यात सहाव्या पिढीच्या व्ही८ साठी ८८ कोटी ८० लाख डॉलर घालायचं जाहीर केलं. ते मोठ्या ट्रक आणि एसयूव्हीसाठी आहे हे मान्य, पण यांच्याकडे ट्रकचं आणि कॉर्व्हेटचं इंजिन बहुतेक वेळा एकाच घराण्यातलं असतं, त्यामुळे दार उघडं आहे.

बेएरियाकर

ब्लॅकविंग मॅन्युअलचं शहरातलं ॲव्हरेज गॅलनला १३ मैल आहे. कॅलिफोर्नियात पंपावर उभं राहून हे वाचा.

व्हीएटप्रेमी

हायवेला २१ देते. हायवेनेच जा ना.

फिरकी

कुणी नावाबद्दल बोलणार आहे का? सीटी४, सीटी५, सीटी६, त्यात सीटी५-व्ही वेगळी, सीटी५-व्ही ब्लॅकविंग वेगळी. ब्लॅकविंग हे आधी सीटी६-व्हीच्या ४.२ लिटर इंजिनाचं नाव होतं, ते इंजिन गेलं आणि नाव दुसरं इंजिन असलेल्या गाडीला लागलं. बारशाला आत्या बोलावली नाही की असं होतं. सेव्हिल, डी व्हिल, एल्डोराडो, फ्लीटवुड अशी एकसे एक नावं घरात पडून आहेत, त्यातलं एक काढा आणि कानात कुर्र करा.

न्यूजर्सीकाका

याला माझा दुजोरा. सेव्हिल. दुसरं काही नको.

अनघा_ट्रॉय

सेव्हिल छान आहे खरंच. उच्चारायला पण सोपं, सासूबाईंना सांगता येईल कुठली गाडी घेतली ते.

घाटमाथा

विषय थोडा मूळ प्रश्नावर आणतो. सस्पेन्शनरावांनी विचारलं, हलकं बनवायचे पैसे कोण देणार. रोहन, तू देशील का? समजा सीटी६ सारखी बॉडी केली आणि खालचं मॉडेल पाच हजार डॉलरने महाग झालं, स्क्रीन तोच, सीटा त्याच, फक्त शंभर सव्वाशे किलो कमी. शोरूममध्ये ते दिसत नाही. सेल्समन काय सांगणार गिऱ्हाइकाला?

रोहन_नोव्हाय

देईन. आणि सेल्समनने काही सांगायचंच नाही, किल्ली द्यायची आणि वळणाच्या रस्त्यावर पाठवायचं. डेट्रॉइटच्या वूडवर्ड ड्रीम क्रूझला ऑगस्टमध्ये फुटपाथवर खुर्च्या टाकून लोक दिवसभर गाड्या बघत बसतात, त्यात म्हातारे आहेत, पोरं आहेत, आमच्या मंडळातली निम्मी माणसं असतात. या शहराला चांगली गाडी कळते. गेल्या वर्षी तिथे एका काकांच्या जुन्या सीटीएस-व्ही भोवती जेवढी गर्दी होती तेवढी मोठमोठ्या एसयूव्हींभोवती नव्हती.

पण एक तडजोड मी करायला तयार आहे. पूर्ण अल्युमिनियम नको. चाकं १९ इंचांच्या वर नेऊ नका, काचेचं छप्पर सक्तीचं करू नका, सीटांच्या मोटरा ज्याला हव्या त्याला द्या. हे फुकटात होण्यासारखं आहे ना, सस्पेन्शनराव?

सस्पेन्शनराव

फुकटात नाही, पण स्वस्तात. चाकाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि डिझाइनवाले तोच ऐकत नाहीत, त्यांना चित्रात मोठं चाक हवं असतं. १९ इंची चाक आणि जरा उंच कडेचा टायर दिला तर वजन वाचतं, खड्ड्यात रिम वाकत नाही, टायर स्वस्त पडतो आणि मागच्या सीटवरच्या सासूबाईंच्या कमरेला पण बरं. म्हणजे अनघाताई आणि तू दोघंही एकाच चाकावर खूश होऊ शकता. डिकीचं वेगळं आहे, ती जागा छपराच्या रेषेत जाते, तिथे कुणीतरी स्टुडिओत बसून भांडायलाच पाहिजे.

अनघा_ट्रॉय

मग मी १९ इंचाच्या बाजूने. माझं मत नोंदवून घ्या.

मृण्मयी_ॲनआर्बर

एक गोष्ट कुणी बोललं नाही. सीटी४ गेली की सीटी४-व्ही ब्लॅकविंग पण गेली. ती ४७२ हॉर्सपॉवरची, व्ही६, मॅन्युअल, आणि आली तेव्हा ६० हजारांच्या आसपास सुरू व्हायची. मोठी ब्लॅकविंग त्याच वेळी ८५ हजारांच्या घरात होती. म्हणजे माझ्यासारख्या पगारदार माणसाला परवडू शकेल अशी कॅडिलॅकची मॅन्युअल गाडीच उरणार नाही. मधल्या सीटी५-व्हीला व्ही६ आहे पण फक्त ऑटोमॅटिक. माझी अपेक्षा हीच की नवीन गाडीत त्या मधल्या मॉडेलला मॅन्युअल द्यावा. मला ६६८ हॉर्सपॉवर नकोत, साडेतीनशे पुरतील.

व्हीएटप्रेमी

हे मात्र मला पण पटलं. व्ही८ नसलं तरी चालेल असं मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

न्यूजर्सीकाका

मृण्मयी, हे तू कॅडिलॅकला लिहून पाठव. खरंच सांगतो. २०१९ ला आम्ही सगळ्यांनी पाठवलं होतं. इंग्रजीत चार ओळी पुरतात, कुठली गाडी चालवतेस, काय घेणार आहेस, कुठल्या वर्षी घेणार आहेस. शेवटचं वाक्य विसरू नकोस, ते लोक तेच आधी वाचतात.

मृण्मयी_ॲनआर्बर

आज रात्रीच लिहिते काका. रोहन, तू पण लिही, १९ इंची चाकासकट.

रोहन_नोव्हाय

लिहितोय. अनघा, डिकीचं तू लिहिशील का? बॅगेची मापं टाक, लांबी रुंदी उंची सगळी, म्हणजे त्यांना नेमकं कळेल.

अनघा_ट्रॉय

टेप घेऊन बसलेय. ३० बाय १९ बाय १२ इंच, अशा चार.